अंदाजपत्रकापेक्षा जादा खर्च : सरकारला तरी मुभा आहे का?



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आपणा सर्वांच्या घरी येते. तिच्यात एक विषय जवळपास दरवर्षी ठरलेला असतो : ‘मागील आर्थिक वर्षात अंदाजपत्रकापेक्षा जादा झालेल्या खर्चास मंजुरी देणे.’ अहवाल वाचून होतो, ताळेबंद होतो, नफा-तोटा पत्रक होते आणि हा विषय पुकारला की मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो. सूचक-अनुमोदकांची नावे प्रोसिडिंगला लागतात आणि सभा पुढच्या विषयाकडे सरकते.

मागे एका सभेत मात्र शेवटच्या रांगेतले एक वयस्क सभासद उठून उभे राहिले. टोपी सारखी करीत म्हणाले, “साहेब, आकडे काय असतील ते असतील. माझी शंका येगळीच आहे. खर्च तर तुम्ही करून बसलात. आता आम्ही नाही म्हटलं तर काय करणार? आणि सरकारला तरी असं चालतं का?” मंडपात हशा पिकला. आकड्यांचे उत्तर त्याच वेळी खातेवार दिले गेले. पण मागचा प्रश्न तसाच राहिला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगातल्या मोठमोठ्या कायदेमंडळांनी याच प्रश्नावर शे-दीडशे वर्षे डोके खाजविले आहे. म्हणून या लेखात त्याचे उत्तर शोधू.

तिजोरी आणि तिचे कुलूप

आधी आपल्या राज्याचे पाहू. कर, फी, कर्ज, केंद्राकडून येणारा वाटा असे सरकारचे सगळे उत्पन्न ज्या एका खात्यात जमा होते त्याला ‘राज्याचा एकत्रित निधी’ म्हणतात. राज्यघटनेच्या कलम २६६ मध्ये त्याला एक कुलूप घातले आहे. कायद्याने ठरविल्याशिवाय आणि घटनेत सांगितलेल्या रीतीशिवाय या निधीतून एक पैसाही काढता येत नाही. मंत्र्याच्या सहीने नाही, सचिवाच्या सहीनेही नाही.

ही रीत कशी? मार्च महिन्यात अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण अर्थसंकल्प मांडला म्हणजे पैसे मंजूर झाले असे नव्हे. तो नुसता अंदाज. त्यानंतर प्रत्येक खात्याच्या ‘अनुदानाच्या मागण्या’ विधानसभेपुढे ठेवल्या जातात. पाटबंधारे खात्याला इतके, शाळांना इतके, रस्त्यांना इतके. घटनेच्या कलम २०३ प्रमाणे विधानसभा ही मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. मागण्या मान्य झाल्या की कलम २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक येते. ते मंजूर होऊन कायदा झाला की मग कुलूप उघडते, तेही ज्या कामासाठी जेवढे मंजूर झाले तेवढ्यापुरतेच. कर्जावरचे व्याज, न्यायाधीशांचे पगार असा काही ‘भारित’ खर्च मताला टाकत नाहीत. तरी त्याचीही रक्कम विनियोजन कायद्यात लिहावीच लागते.

तालुक्याच्या उपकोषागारात ज्याचे बिल अडकले आहे, त्याला हे कुलूप चांगले परिचयाचे असते. “ग्रँट नाही” असे दोन शब्द तिथे ऐकायला मिळतात. बिल खरे असते, काम झालेले असते, साहेबांची सही असते. पण त्या लेखाशीर्षाखाली शिल्लक नसेल तर बिल परत येते. आता तर ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर खात्याच्या नावे वाटलेली रक्कम दिसते, आणि ती संपली की संगणकच पुढचे बिल घेत नाही.

पैसे कमी पडले तर?

अंदाज हा अंदाज असतो. लागण करताना आपण एकरी इतके टन धरतो, आणि हुमणी लागली किंवा पाऊस लांबला की सगळे गणित फिरते. सरकारचेही तसेच होते. गारपीट होते, पूर येतो, महागाई भत्ता वाढतो. म्हणून घटनेने तीन वाटा ठेवल्या आहेत.

पहिली वाट पुरवणी मागण्यांची. वर्ष चालू असताना पैसे कमी पडणार असे दिसले की सरकारने पुन्हा विधानसभेपुढे यायचे आणि आणखी पैसे मागायचे. मुंबईच्या आणि नागपूरच्या अधिवेशनात या मागण्या येतात. रकमा लहान नसतात. जुलै २०२४ मध्ये ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला ३५ हजार ७८८ कोटींच्या. एवढ्या मोठ्या पुरवण्या जोडाव्या लागल्या तर मूळ अंदाज कितपत खरा होता, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. पण कायद्याच्या दृष्टीने ही वाट सरळ आहे. मागणी आधी, खर्च नंतर.

दुसरी वाट आकस्मिकता निधीची. अधिवेशन चालू नाही आणि आपत्ती दारात उभी, अशा वेळेसाठी कलम २६७ प्रमाणे थोडी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असते. तिच्यातून उचल घ्यायची आणि पुढच्या अधिवेशनात मंजुरी घेऊन ती भरून काढायची. घरातली माउली डाळीच्या डब्यात चार नोटा ठेवते, त्यातलाच हा प्रकार. केंद्र सरकारचा असा निधी बरीच वर्षे ५०० कोटींचा होता. २०२१ मध्ये तो ३० हजार कोटींचा केला.

तिसरी वाट आपल्या नोटिशीतल्या विषयासारखी. वर्ष संपले, हिशेब जुळविले, आणि एखाद्या खात्याने मंजुरीपेक्षा जास्त पैसे खर्च केल्याचे उघडकीस आले. मग काय? कलम २०५ मध्ये याला ‘जादा अनुदान’ म्हटले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना आपण ‘कॅग’ म्हणतो, ते हा जादा खर्च शोधून आपल्या अहवालात छापतात. तो अहवाल विधानमंडळापुढे येतो. लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारते की हे का झाले. समितीचे समाधान झाले तर ती शिफारस करते आणि विधानसभा मागाहून मंजुरी देते. याला खर्च ‘नियमित करणे’ म्हणतात.

म्हणजे त्या वयस्क सभासदाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : सरकारला मुभा नाही, पण झाले तर ते निस्तरण्याची सोय आहे.

आणि याच सोयीत मेख आहे. कारण तिसऱ्या वाटेने येणारा माणूस हात जोडून परवानगी मागायला आलेला नसतो. तो बिल हातात घेऊन आलेला असतो. शिवाय ही वाट लांबते. अनेक राज्यांच्या बाबतीत कॅगच्या अहवालात नियमित न झालेल्या जादा खर्चाची वर्षवार यादी असते. कित्येक वर्षांपूर्वीचा खर्च अजून मंजुरीची वाट पाहत त्या यादीत पडून असतो. ज्यांनी तो केला ते साहेब तोवर बदलून गेलेले असतात, नाहीतर निवृत्त झालेले असतात. मग विचारायचे कुणाला?

बस्ता बांधून झाल्यावर विचारणे

या मेखेवर सगळ्यात कडक कायदा केला तो अमेरिकेने. तिथल्या घटनेतही पहिल्यापासून लिहिलेले आहे की कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही. पण एकोणिसाव्या शतकात खात्यांनी एक युक्ती काढली. वर्षाची मंजूर रक्कम पहिल्या काही महिन्यांतच उडवायची, पुढचे करार करून टाकायचे, आणि मग काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, जाऊन सांगायचे की आता पैसे द्या, नाहीतर काम बंद पडेल आणि सरकारचा शब्द खोटा पडेल.

आपल्याकडे घरोघरी हा अनुभव आहे. लग्न लहान करायचे असे वडिलांनी सांगितलेले असते. थोरला मुलगा परस्पर मंडपवाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला विसार देऊन येतो, बस्ता बांधून आणतो, पत्रिका छापायला टाकतो, आणि मग वडिलांना विचारतो, “दादा, करू ना?” वडील काय म्हणणार? नाही म्हटले तर सोयऱ्या-धायऱ्यांत नाक कापले जाते. ते विचारणे नसते, ते कळविणे असते.

अमेरिकेच्या काँग्रेसची गत त्या वडिलांसारखी झाली होती. म्हणून १८७० मध्ये कायदा झाला की मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्चही करायचा नाही आणि तसा करारही करायचा नाही. तेवढ्याने भागेना. खाती कारकुनांकडून ‘स्वखुशीने, बिनपगारी’ जादा काम करून घेत, आणि मागाहून त्या कामाच्या पगाराचा दावा सरकारवर येऊन आदळे. म्हणून १८८४ मध्ये फुकटचे काम स्वीकारायलाही बंदी घातली. १९०५ मध्ये आणखी दोन गोष्टी जोडल्या. मंजूर रक्कम वर्षभरात वाटून, हप्त्याहप्त्याने वापरायची, म्हणजे पहिल्या तिमाहीतच सगळी संपविता येणार नाही. आणि जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्याला शिक्षा. पुढच्याच वर्षी पळवाटा आणखी आवळल्या आणि १९५० मध्ये सगळे पुन्हा नीट बांधून काढले. या कायद्याला तिकडे ‘अँटी-डेफिशियन्सी ॲक्ट’ म्हणतात. आपण त्याला तूट-प्रतिबंधक कायदा म्हणू.

आजही त्या कायद्यात शिक्षा आहे : पाच हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय निलंबन आणि बडतर्फी वेगळी. कायदा मोडला गेला तर खात्याच्या प्रमुखाने स्वतः राष्ट्राध्यक्षांना आणि काँग्रेसला लेखी कळवायचे, काय झाले आणि कुणाकडून झाले. आता गंमत अशी की इतक्या वर्षांत या कायद्याखाली एकालाही तुरुंगात जावे लागलेले नाही. मग कायदा फुकटचा का? तसे नाही. आपल्या हातून घडलेली चूक आपल्याच सहीने वरपर्यंत कळवावी लागणे ही अधिकाऱ्याला दंडापेक्षा मोठी धास्ती असते. फाइलवर सही करण्यापूर्वी तो दोनदा विचारतो, “तरतूद आहे का?”

कडक कायद्यातही अडीअडचणीची एक खिडकी मात्र जुनीच आहे. १८६१ चा एक कायदा सैन्याला तरतूद संपली तरी चालू वर्षाच्या निकडीपुरते कपडे, अन्न, जळण आणि घोड्यांची वैरण घेण्याची मुभा देतो. दावणीचे जनावर अधिवेशनाची वाट पाहत उपाशी राहू शकत नाही, हे त्या लोकांनाही कळले होते.

कुलूप फार घट्ट बसले तर

एकच बाजू सांगून चालणार नाही. कुलूप फार घट्ट बसले तर घरधनीच बाहेर राहतो. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्या दिवसापर्यंत काँग्रेसने नवे पैसे मंजूर केले नाहीत तर? पूर्वी खाती कशीबशी चालू ठेवत, आज ना उद्या मंजुरी येईलच या भरवशावर. १९८० मध्ये तिथले महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिले की हा भरवसा कायद्यात बसत नाही. मंजुरी नाही तर खाते बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनीच खुलासा केला की माणसांचा जीव आणि मालमत्ता वाचविण्याचे काम चालू ठेवता येईल.

तेव्हापासून राजकीय भांडण झाले की तिथे सरकारी कचेऱ्यांना टाळे लागते. १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१३ मध्ये १६ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून तब्बल ४३ दिवस. २०१८-१९ मध्ये सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. त्यातले निम्म्याहून जास्त लोक विमानतळावरच्या तपासणीसारखी निकडीची कामे बिनपगारी करीत राहिले. पगार मागाहून मिळाला, पण घरभाडे आणि किराणा काही मागाहून द्यायचा नसतो. भांडण पुढाऱ्यांचे आणि उपास कारकुनाचा, असा तो प्रकार.

आपल्या घटनाकारांनी यावर आधीच उपाय करून ठेवला आहे. पूर्ण अर्थसंकल्प वेळेत मंजूर होत नसेल तर ‘लेखानुदान’ घ्यायचे, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी. निवडणुकीच्या वर्षात आपण हा शब्द ऐकतो. त्यामुळे आपल्याकडे पैशाची मंजुरी नाही म्हणून अख्ख्या सरकारला टाळे लागल्याचे उदाहरण नाही. कायदा कडक असावा; पण निकडीच्या कामाला वाट ठेवणारा असावा, हे शहाणपण आपल्या घटनेत आहे.

खर्च कधी होतो? शब्द देताना की चेक देताना?

अमेरिकेच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखी आहे. तो कायदा पैसे तिजोरीतून बाहेर पडण्याची वाट पाहत नाही. अधिकाऱ्याने करारावर सही केली, ऑर्डर दिली, की त्याच क्षणी खर्च झाला असे तो मानतो. पैसे सहा महिन्यांनी जावोत. शब्द दिला तो दिवस मोजायचा.

आपल्याकडे वित्तीय नियम हेच सांगतात. तरतूद नसताना दायित्व अंगावर घेऊ नये असे त्यांत आहे. पण आपले मोठे कुलूप आहे ते कोषागाराच्या दारावर, म्हणजे पैसे बाहेर पडतात त्या जागी. त्यामुळे होते असे की कामाचा आदेश निघतो, नारळ फुटतो, रस्ता होतो, आणि मग बिलाला पैसे नसतात. हिशेबाच्या कागदावर जादा खर्च दिसत नाही, कारण पैसे गेलेलेच नाहीत. देणे मात्र उभे राहिलेले असते. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली ती आपण पाहिली. तरतूद आणि दिलेला शब्द यांचा मेळ बसला नाही की काय होते, याचे ते उदाहरण.

ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोसायटीच्या खात्यावर या महिन्यात नावे काही पडले नाही म्हणून तो खर्च झाला नाही असे समजत नाही. खतवाल्याच्या वहीत, पाइपलाइनवाल्याच्या वहीत काय लिहिले आहे ते त्याला रात्री झोपताना आठवत असते.

बिहारचा चारा

कुणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? दोन पैसे जास्त गेले तर कामातच गेले ना? बहुतेक वेळा ते खरेही असते. जादा खर्च म्हणजे खाल्लेला पैसा, असे समजणे अन्यायाचे होईल. पण जादा खर्चाचा आकडा हा तापासारखा असतो. ताप म्हणजे रोग नव्हे. पण ताप आला तर नाडी पाहावी लागते.

बिहारमध्ये नाडी पाहिली गेली नाही. तिथल्या पशुसंवर्धन खात्याने १९९० नंतरच्या काही वर्षांत मंजूर तरतुदीच्या दुपटी-तिपटीने पैसे कोषागारांतून उचलले. चारा, पेंड, जनावरांची औषधे यांची बिले लावली जात होती. त्यातली बरीच जनावरे कागदावरच जगत होती आणि चाराही कागदावरच खात होती. चारा वाहून आणल्याच्या बिलावर ज्या मालमोटारींचे नंबर होते, त्यातले काही तपासल्यावर स्कूटरचे निघाले. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासा इथे जिल्हा प्रशासनाने पशुसंवर्धन कार्यालयावर छापा घातला आणि प्रकरण फुटले. एकूण रक्कम सुमारे साडेनऊशे कोटींच्या घरात गेली. २०१३ मध्ये रांचीच्या विशेष न्यायालयाने माजी मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांच्यासह अनेक राजकारणी, अधिकारी आणि पुरवठादार यांना दोषी ठरविले.

आता यातली आपल्या विषयाची गोष्ट पाहा. स्कूटरवर चारा वाहिला हे शोधायला तपास लागला. पण खात्याने तरतुदीच्या दुप्पट पैसे उचलले, हे कळायला कुठल्याही गुप्त पोलिसाची गरज नव्हती. मंजूर रक्कम आणि खर्च, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे होते. ते कोषागाराच्या वहीत होते, हिशेबात होते. वर्षामागून वर्ष ते तसेच पुढे गेले. कुलूप होते, किल्लीही होती. दाराशी बसलेल्या माणसाने विचारले नाही, एवढेच. बैल गेल्यावर झोपा केला, तो असा.

म्हणूनच आपल्या घटनेने कॅग आणि लोकलेखा समिती यांना इतके महत्त्व दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत महालेखापरीक्षकाचे पद हे बहुधा घटनेतले सर्वांत महत्त्वाचे पद आहे, अशा अर्थाचे मत मांडले होते. न्यायाधीशापेक्षाही त्याची जबाबदारी त्यांनी मोठी मानली. आणि संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात आहे. खर्च करणाऱ्याने स्वतःलाच प्रश्न विचारू नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या मंडपाकडे

सहकारी संस्थेत विधानसभा कोण? आपली सर्वसाधारण सभा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संचालक मंडळाला आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सभा घेऊन हिशेब आणि अंदाजपत्रक सभासदांपुढे ठेवावे लागते. लेखापरीक्षण आहे, कलम ८३ ची चौकशी आहे, आणि नियमबाह्य खर्चाने संस्थेचे नुकसान झाल्याचे दिसले तर कलम ८८ प्रमाणे ते संबंधितांकडून भरून घेण्याचीही तरतूद आहे. पण हे सगळे उपाय नंतरचे. पहिला पहारा आपल्याच हातात आहे, आणि तो हात आपण वर करतो.

कारखान्याचे काम अंदाजपत्रकाच्या चौकटीत तंतोतंत बसत नाही, हेही तितकेच खरे. ऐन गळितात मिलचा रोलर तुटला तर सर्वसाधारण सभा बोलावून तो बसविता येत नाही. तोडलेला ऊस गव्हाणीपाशी वाळत असतो. डिझेल वाढले की वाहतूक वाढते. गळीत अंदाजापेक्षा जास्त झाले तर गंधक, चुना, बारदान सगळेच जास्त लागते, आणि तो जादा खर्च आनंदाचा असतो. असा खर्च मंजूर करताना हात आखडू नये.

पण विचारावे जरूर. चार प्रश्न पुरेसे आहेत. एक, कोणत्या बाबीवर मंजुरी किती होती आणि खर्च किती झाला. दोन, जादा लागणार हे संचालक मंडळाला कोणत्या महिन्यात कळले. तीन, कळल्यावर मंडळाने रीतसर ठराव केला का, की बिल आल्यावर केला. चार, तीच बाब मागच्या वर्षीही जादा होती का. चौथा प्रश्न महत्त्वाचा. एक वर्ष जादा झाले तर अडचण असेल. दरवर्षी त्याच बाबीवर जादा होत असेल तर एकतर अंदाज करणारा चुकतो आहे, नाहीतर खर्च करणारा. दोन्हींची दुरुस्ती करता येते.

आणि ज्या उधारीची बिले अजून आलेली नाहीत, पण ज्यांच्या ऑर्डरी देऊन झाल्या आहेत, त्यांचाही आकडा अहवालात वाचून दाखवावा अशी मागणी करायला हरकत नाही. अमेरिकेचा कायदा आपल्याला लागू नाही. पण त्यातले शहाणपण कुणाच्या मालकीचे नसते.

राहता राहिला त्या वयस्क सभासदाचा पहिला प्रश्न : “आम्ही नाही म्हटलं तर काय करणार?” खरे सांगायचे तर गेलेला पैसा नाही म्हणून परत येत नाही. विधानसभेलाही तो परत आणता येत नाही. पण या वर्षी मंडपात कुणी उठून चार प्रश्न विचारणार आहे हे ठाऊक असले, की पुढच्या वर्षी ऑर्डरवर सही करणारा हात क्षणभर थांबतो आणि फाइल उलटून तरतूद पाहतो. कायद्याने साधायचे ते एवढेच असते.

येत्या सभेची नोटीस आली की अहवालपुस्तिका घडी घालून फळीवर ठेवू नये. घरात शिकलेला मुलगा, मुलगी, सून असेल तर तिच्या शेजारी बसून अंदाजपत्रकाचे पान उघडावे. एका रकान्यात मंजूर रक्कम, दुसऱ्यात झालेला खर्च. जिथे दुसरा आकडा मोठा असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि पुस्तिका सभेला बरोबर आणावी. मग ‘मंजूर’ म्हणायचे ते बेलाशक म्हणावे.